सोळाव्या भागात मी काय वाचलं

रोहणा
मंगळवार, ६ मे

प्रिय रक्षा,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरात सगळं जागच्या जागी आहे, फक्त मी सोडून. तू माहेरी वडनेरला गेलीस त्याला आज दोन आठवडे झाले आणि या दोन आठवड्यांत मी एका जागी धड बसलेले नाही. स्वयंपाकघरात जाते, कशाला आले ते विसरते. पुसलेला ओटा पुन्हा पुसते. आमचे प्रभाकरराव काल म्हणाले, शोभा, चालून चालून फरशीले भोक पाडशीन. परवा तू फोनवर सांगितलंस की वहिनीला मुलगी झाली, तिचं नाक थेट आत्यावर गेलंय, आणि मी नुसतं 'बरं झालं, बरं झालं' करत राहिले. तू विचारलंस, आई, तुमाले बरं नाई का. मी म्हटलं, ऊन लागलं. इथे पारा पंचेचाळीसला टेकलाय हे खरं, पण ऊन काही लागलेलं नाही. हे माझं पाचवं पत्र आहे. आधीची चार फाडली. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पोरांकडून मायना, मजकूर, समारोप घोटून घेतला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मायन्याच्या पुढे पेन सरकत नाही.

विषयाला हात घालते. तू धर्मेंद्रला नाही म्हणालीस, त्याबद्दल हे पत्र आहे. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. तुला समजावायला किंवा बोल लावायला मी बसलेले नाही. जे बोल लावायचे ते माझे मलाच लावायचे आहेत, आणि ते ऐकायला तू हवीस. मध्येच वाचायचं थांबू नकोस, एवढीच विनंती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस आठव. आष्टीहून धर्मेंद्रची बहीण ज्योत्स्ना आली. धर्मेंद्र आपल्याला नवा नव्हता. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान, तुझ्या शिलाई मशीनला मोटार त्यानंच बसवली, आणि बसवल्यावर ती नीट चालते की नाही ते बघायला आष्टीहून चार वेळा आला. चांगल्या बसवलेल्या मोटारीकडे एवढं बघावं लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. ज्योत्स्ना त्या दिवशी बाहेर बायकांत बसली नाही. सरळ आत तुझ्यापाशी गेली आणि तुला हळदीकुंकू लावलं. आपला निकेश त्या कोविडच्या एप्रिलमध्ये गेला, तेव्हापासून दर संक्रांतीला तू आतल्या खोलीत ब्लाउज शिवत बसायचीस आणि शाळेत महिला दिनाला भाषणं ठोकणाऱ्या मला एकदाही वाटलं नाही की तुला बाहेर बोलवावं. ज्योत्स्नानं मग सगळ्यांसमोर भावासाठी तुला मागणी घातली. त्यावर मी काय म्हणाले ते गावभर झालं. 'रक्षा ठरवेल ते. ती माझी सून नाही, लेक आहे.' लोकांनी माझं कौतुक केलं. मलाही माझं कौतुक वाटलं. खरं सांगते, बोलले तेव्हा ते खोटं नव्हतं. फक्त तू हो म्हणशील असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

तू विचार करायला वेळ मागितलास. आणि होळीनंतर ज्योत्स्नाचा फोन आला तेव्हा हसत हसत म्हणालीस, ताई, आमची खानावळ संपू द्या, मंग सांगीन. तू थट्टेत म्हणालीस. मी तव्यापाशी होते, माझा हात थांबला आणि पोळी करपली. तुझ्या थट्टेत नेहमी अर्धं खरं असतं, एवढं मी तुला ओळखते.

खानावळ म्हणजे आपली ती कोरियन सिरियल. तिचं खरं नाव भलतंच लांब, ते शेजारच्या सीताबाईंची नात जागृतीच जाणे. तिनंच ती तुझ्या फोनवर लावून दिली आणि बजावलं, वहिनी, रडशीन पन सोडशीन नाई. खाली फक्त इंग्रजी अक्षरं, हिंदीचं नाव नाही. तुझी लग्नसराई सुरू, मान वर करायला फुरसत नाही, आणि भराभर पळणारी इंग्रजी वाचणं तुला जमायचं नाही. म्हणून ठरलं की मी खुर्चीत बसून वाचायचं आणि तू शिवता शिवता ऐकायचं. सीताबाई गवारीच्या शेंगा घेऊन यायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना पडद्यावर रंग दिसतात, माणसं नाहीत. आमचे हे पेपरच्या आड. रोज दुपारी अर्धा भाग. मी एकटी काय ती पडदा पाहणारी, बाकी सगळे माझ्या तोंडाकडे कान लावून.

तिथेच घोळ झाला बघ. सीताबाईंसाठी मी सगळं आपल्या बोलीतच वाचायची आणि वाचता वाचता मला हवं तसं वळवायची. त्यांची ती हिरव्या बाटलीतली दारू आली की मी 'काढा' वाचायची. सीताबाई म्हणाल्या, मास्तरीनबाई, काढा पिऊन मानूस असा झिंगते काय? आठव्या भागात खानावळीत जेवायला आलेलं एक जोडपं जवळ आलं तेव्हा मी सांगितलं, तिच्या डोळ्यात कचरा गेला, तो पाहून राह्यला. बराच वेळ शांतता. मग सीताबाई म्हणाल्या, येवढा वेळ? फुकर मारून दे म्हना त्याले. तू हसून हसून दोरा तोडलास, पेपरच्या आडून खोकला आला. मलाही मजा वाटली. पण अशानं एक खोड लागली. लिहिलंय ते आणि मी वाचते ते, या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी चालतं, आणि कोणाला कळत नाही.

गोष्ट तशी साधी. एका बेटावरची तरुण विधवा सन-ई. नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. ती आणि तिची सासू बंदरावर खानावळ चालवतात, रश्श्यात बुडवलेल्या हातभर लांब शेवयांची. फेरीबोटीचं इंजिन सांभाळणारा दो-हान तिथे रोज जेवायला येतो. पंधरा भाग तो नुसता जेवतोच. सीताबाई त्याला बोटवाला म्हणायच्या आणि त्यांचा त्याच्यावर फार राग, मुकाट्यानं खाते अन् जाते, बोलाले का तोंडात शेवया अडकल्या? तू कधी काही म्हणाली नाहीस. तुझं मशीन मात्र तो आला की हळू चालायचं. आणि तिची सासू! करड्या कपड्यांतली, सदा तोंड पाडलेली, सुनेशी एक शब्द धड न बोलणारी. तुम्ही दोघी तिला नावं ठेवायचात. मी गप्प वाचत राहायची. मला ती बाई पहिल्या दिवसापासून कळत होती. तिचं तोंड का पडलेलं आहे ते मला विचारा, मी सांगते. जेवायला येणाऱ्या त्या माणसाकडे ती कशी पाहायची! धर्मेंद्र मोटार बघायला यायचा तेव्हा मी चहात साखर कमी घालायची, हे तुला माहीत नसेल.

आता सोळावा भाग. तो गुरुवार होता, सतरा एप्रिल. नवरीची पाच ब्लाउजं संध्याकाळी द्यायची होती, तू हूक-काजाला बसली होतीस, नजर सुईवर. फोन मी माझ्याकडे वळवून घेतला होता. दो-हानची बदली झाली आहे, शेवटची बोट लागली आहे. सन-ई चुलीपाशी उभी. सासू हातातला झारा खाली ठेवते आणि सोळा भागांत पहिल्यांदा सुनेशी सरळ बोलते. खाली अक्षरं आली. सातवीच्या पोराला कळावं इतकं सोपं इंग्रजी होतं. 'जा. मुलगा माझा गेला, त्याच्यासाठी मी रडेन. तू माझं दुःख राखत बसू नकोस.' मी ते वाचलं, रक्षा. मनात वाचलं. आणि तोंडानं तुला म्हणाले, जाऊ नको पोरी, माहा पोरगा गेला, आता तूही गेली तं मी कोनाकडे पाहू?

मी काही आधीपासून ठरवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. पण एकदा तोंडातून गेलं आणि मग पुढचं आपोआप येत गेलं, एक खोटं झाकायला दुसरं. पडद्यावर सन-ई पिशवी उचलून धावत सुटली. मी सांगितलं, ती धक्क्यावर निरोप द्यायला गेली. बोटीचा भोंगा झाला. मी सांगितलं, बोट सुटली, ती रडत रडत परत आली. मग 'एका वर्षानंतर' म्हणून आलं आणि खानावळीत सासू एकटीच. मी सांगितलं, सून आत शेवया उकडून राह्यली. प्रत्यक्षात आत कोणी नव्हतं. सन-ई बोटीवर चढून गेली होती, सासूच्या सांगण्यावरून गेली होती, आणि ती गेली हाच त्या गोष्टीचा शेवट होता.

तू दोऱ्याला गाठ मारलीस. मग म्हणालीस, बरं केलं तिनं. आणि दातांनी दोरा तोडून पुढचं काज घेतलंस. शनिवारी ज्योत्स्नाला फोन करून नाही म्हणालीस. मी विचारलं, काऊन गं? तू म्हणालीस, त्या म्हाताऱ्या बाईले जसं तिच्याबिना कोनी नव्हतं आई, तसं तुमालेही कोनी नाई. मी तुला जवळ घेतलं. वर म्हणाले, तुझी मर्जी. मंगळवारी तू वहिनीच्या बाळंतपणाला गेलीस. आणि लिहायला लाज वाटते, पण शनिवारपासूनचे ते चार दिवस मला फार छान झोप लागली.

झोप उडाली ती जागृती सुट्टीला आर्वीहून घरी आल्यावर. तिनं आजीला शेवट कसा वाटला विचारलं आणि आजीनं माझा शेवट सांगितला. दोघींची जुंपली. जागृती म्हणे, आजी, तुले झोप लागली असन. सीताबाई म्हणे, म्या जागी राहून आयकलं. शेवटी जागृती फोन घेऊन माझ्याकडेच आली, काकू, तुमीच सांगा आजीले. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि आत निघून गेले. दूध वगैरे काही नव्हतं. मी रिकाम्या ओट्यापाशी उभी राहून बाहेरचं ऐकत होते. जागृती त्या शेवटावर स्वतःच भडकलेली होती. सोळा भाग पाहा अन् शेवटी दाखवते काय, तं भोंगा! ना लग्न, ना दोघं एका जागी. तिच्या कॉलेजात म्हणे पोरींचे दोन तट पडलेत. शेवटच्या क्षणी खानावळीच्या दाराची घंटा वाजते, सासू वर बघते आणि हसते, आणि तिथेच संपतं. कोण आलं ते दाखवतच नाहीत. एक तट म्हणतो सन-ई आणि दो-हान भेटायला आले, दुसरा म्हणतो कोणी तरी गिऱ्हाईक असेल. एका पोरीनं तर रागारागानं वहीत स्वतःचाच शेवट लिहून काढला. मनात आलं, तिला म्हणावं, ये पोरी, तू आणि मी एका माळेचे मणी.

सीताबाई मात्र दुसऱ्या दिवशी एकट्याच आल्या. बसल्या. शेंगा आणल्या नव्हत्या. म्हणाल्या, मास्तरीनबाई, खरा शेवट मलेही नाई पटला. म्हातारीले एकटं टाकून जाते, हे का शेवट झाला? आमच्यात इधवा सुनेचा पाट लावत, मी सोता माह्या जावेचा पाट लावून देला, पन सासूले कोनी इचारे तरी. मी मान हलवली, मला वाटलं सुटले. मग त्या म्हणाल्या, पन जे लिव्हलं होतं ते वाचाव लागत होतं. तुमी तं पोरीले फशिवलं. मोतीबिंदू झालेली बाई, तिला माझा चेहरा दिसला नसणार. तरी मी पदर तोंडावर घेतला.

त्यानंतर मी तो शेवट एकटीनं पाहिला. एकदा नाही, अकरा वेळा. शेवटची दहा मिनिटं. तुला सांगते, मला भयंकर राग आला. वर्षानंतरची ती सासू लाल स्वेटर घालून बसलेली आहे! पंधरा भाग करडे कपडे, आणि सून गेल्यावर हिला लाल सुचतंय! सून गेली तर माणसानं असं बसावं का? मला वाटलं, या लोकांना सासू म्हणजे काय ते कळलेलंच नाही, कोणी तरी विशी-पंचविशीतल्यानं लिहिलं असणार. फोन पालथा ठेवायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायची. मग पुन्हा पाहताना दिसलं की ती बाई जेवते आहे. इतक्या भागांत ती कधी बसून जेवली नव्हती, सुनेच्या मागे मागे उभी, सून काय करते, कोणाशी बोलते. आता स्वतःचं वाडगं पुढ्यात घेऊन निवांत बसली आहे. मला अजूनही तो शेवट आवडलेला नाही. तिनं एकटीनं जेवावं हे मला बघवत नाही. पण खोटा नाही तो. खोटा मी सांगितला तो होता. त्यात माझी सासू सुनेला धरून बसते आणि सून काहीच बोलत नाही. मी तिला बोलायला एक वाक्यसुद्धा दिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आणि आता ह्यांचं ऐक. मी ह्यांच्यापुढे सगळं कबूल करायला गेले. पेपर वाचत होते. पंचायत समितीत तीस वर्षं इंग्रजी परिपत्रकं वाचलेला माणूस, पण माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मी अर्धं बोलले असेन, तर हे म्हणाले, मले माहीत आहे. पेपरच्या कडेनं मी रोजच वाचो. म्हणजे सोळाव्या भागातही वाचलं होतं. मी म्हटलं, मग तुम्ही मला टोकलं का नाही? त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. म्हणाले, मलेही तेच आयकाचं होतं. निकेश गेल्यावर हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नाही. त्या दिवशी रडला. मग म्हणाला, आपन दोघांनी मिळून पोरीले घरात कोंडलं शोभा, अन् कुलूप कोनाले दिसू नाई देलं. चौतीस वर्षं मी बोलत आले आणि हे पेपर वाचत आले, पण बोलायचं ते हेच बोलले.

गेल्या शनिवारी मी आष्टीला गेले. ह्यांनाही सांगितलं ते आर्वीच्या स्टँडवरून फोन करून. धर्मेंद्र दुकानात तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळत बसला होता. मला पाहून उठला, स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. मी पाणी न पिताच सगळं सांगून टाकलं, कारण पाणी पिऊन झाल्यावर माझी हिंमत राहिली नसती. त्यानं ऐकून घेतलं. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, काकू, मी बी पाह्यली ते खानावळ. मी तसाच धरलेला पेला खाली ठेवला. म्हणाला, होळीच्या टायमाले पुन्हा मोटार पाहाले आलतो तवा रक्षानं नाव सांगतलं. मले इंग्रजी फाडफाड नाई येत, थांबवून थांबवून वाचो, एकेका भागाले चार-चार दिवस लागत. शेवटचे भाग मात्र एका दिवसात पाह्यले, म्हटलं, त्यायचं पाहून झालं असन अन् आपन मांगं राहू नाई. रक्षा, त्याला वाटलं तू खरा शेवट पाहिलास. सन-ई जाते हे बघून, सासू स्वतः 'जा' म्हणते हे ऐकून, त्यावरही तू नाही म्हणालीस. तो म्हणाला, मंग मी काय समजाव काकू? म्हटलं, हे पक्कंच नाई आहे. म्हून मी फोन नाई केला, उगं कोनाले कायले तरास. माझ्या एका वाक्यानं तुझ्याकडून नकार काढला आणि त्याच वाक्यानं त्याच्याकडची आशाही संपवली. असं दुहेरी काम मला ठरवूनही जमलं नसतं.

त्याच्यासाठी तळेगावला मुलगी पाहायला जायचं ठरलंय, येत्या रविवारी, अकरा तारखेला. ज्योत्स्नानं ठरवलं. मी तिला दोष देत नाही, तुझा नकार आला होता आणि भाऊ छत्तिशीचा झाला. मी धर्मेंद्रला थांब म्हटलं नाही. तो अधिकार मला कुठून? त्यानंच मला स्टँडपर्यंत सोडताना सांगितलं. म्हणाला, येत्या शनवारपर्यंत मी ताईले थांबवून ठेवतो. रक्षाले सांगजा, एक फोन करा म्हना. नाई असन तरी चालन. पन ते त्यायचं सोताचं असाव.

म्हणून हे पत्र. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझा आवाज ऐकला असतास. माझ्या आवाजावर विश्वास ठेवून तू एकदा फसली आहेस, आणि आता तर तो असा फुटतोय की तू दुसऱ्या वाक्याला 'राहू द्या आई, मी येतो' म्हणाली असतीस. म्हणून यावेळी तुझ्या डोळ्यांनी वाच, मी तिथे नसताना. हे उद्या पहिल्या गाडीनं निघतील, वर्ध्याला, हिंगणघाटला गाड्या बदलून दुपारपर्यंत पोचतील आणि पत्र तुझ्या हातात देऊन अंगणात बसतील. ते तुला न्यायला आलेले नाहीत. तू पिशवी भरायला लागलीस तर त्यांनी एकट्यानं उठून यायचं, असं ठरवून निघाले आहेत. शनिवारच्या आत धर्मेंद्रला फोन कर. हो म्हण, नाही म्हण, वेळ माग. तो तुला आवडत नसेल तर तसं सांग, तो सोशील. पण माझं नाव घेऊन नाही म्हणू नकोस, निकेशचंही नको. शेवटी 'मी इथे अगदी ठीक आहे' असं लिहायचं ठरवलं होतं. आधीच्या चारही पत्रांत ते वाक्य होतं आणि तिथेच मी ती फाडली. मी ठीक नाही, रक्षा. तू गेलीस तर मी दुपारभर करू काय, ते मला कळत नाही, आणि हे लिहिताना रडते आहे. तरी फोन कर.

कुठेही राहिलीस तरी तुझीच,
आई